नदीपाशी बसायला जागा ठेवा

नदीकाठाचे आराखडे करणारे अभियंते, नगररचनाकार, वास्तुरचनाकार आणि त्या आराखड्यांवर सही करणारे लोकप्रतिनिधी यांना,

सप्रेम नमस्कार.

आत्ताच नदीवरून आले आणि पायाची वाळूही न झटकता लिहायला बसले आहे. सूर्य बुडाल्यावर अर्धा तास तिथेच थांबले होते. त्या अर्ध्या तासात पाणी जेवढे रंग बदलतं तेवढे उरलेल्या अख्ख्या दिवसात बदलत नाही. आधी तांबूस, मग जांभळट, मग असा एक करडा रंग, की आभाळ कुठे संपलं आणि पात्र कुठे सुरू झालं ते कळू नये. शेवटी पैलतीरावरच्या झाडांची काळी रांग दोनदा दिसते, एकदा उभी आणि एकदा उलटी.

याचं कारण साधं आहे आणि ते तुमच्या कामाशी थेट जोडलेलं आहे. पाण्यावर सरळ वरून पडलेल्या उजेडातला जेमतेम २ टक्के भाग परत फिरतो, बाकीचा आत शिरतो. उजेड जसजसा तिरका होतो तसतसा अधिक उजेड पाण्यावरून परावर्तित होतो, आणि अगदी आडव्या किरणांना तर पाणी आरसाच होतं. म्हणजे संध्याकाळची ही सगळी किमया पाहायची तर डोळे पाण्याच्या पातळीजवळ हवेत. माणूस उंच भिंतीवर, कठड्याला टेकून उभा राहिला की पायाखालचं पाणी काळपट दिसतं आणि तो आरसा दूर, पैलतीराकडे सरकतो. मी रोज बघते ती नदी आणि तुमच्या भिंतीवरून दिसते ती नदी, पाणी एकच, पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या पत्रात मला मागायचं आहे ते एवढंच. काठ कसाही आखा, पण पाण्याजवळ, खाली, मातीवर किंवा वाळूवर, गुपचूप बसता येईल अशी जागा त्यात ठेवा. ती सजवू नका. बरेचदा ती आधीपासून तिथे असतेच, फक्त नकाशावर तिला नाव नसतं म्हणून ती पहिल्या फटक्यात पुसली जाते.

तुमच्यापैकी अनेकांना नदी माहीत आहे ती आकड्यांतून. किती घनमीटर पाणी, कितीशे वर्षांतून एकदा येणारा पूर, पात्राची रुंदी, उतार. त्या आकड्यांचा मी मान ठेवते, त्यांच्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. पण तासभर काठावर बसल्यावर काय दिसतं तेही तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण आराखड्यातल्या ‘विश्रांतीस्थळ’ या शब्दाने ते कळत नाही.

मैदानातून जाणारी मोठी नदी साधारण माणसाच्या चालीने चालते. सेकंदाला एक मीटर म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर, सावकाश फेरफटका मारणाऱ्याचा वेग. मला वाटतं, नदीकडे पाहताना जीव निवतो त्याचं अर्धं श्रेय या वेगाचं असावं. रस्त्यावरची वाहनं डोळ्यांना झेपत नाहीत, डोंगर हलतच नाही, पण नदीच्या प्रवाहातलं एखादं पान नजरेने हाताला धरून नेता येतं. ते पान मधोमध असेल तर भराभर पुढे जातं, कारण तळ आणि काठ पाण्याला मागे ओढतात आणि मधल्या पाण्याला ती अडवणूक सगळ्यांत कमी असते. काठाला एखादं झाड वाकलेलं असेल, खडक पुढे आला असेल, तर त्याच्यामागे पाणी उलटं फिरतं. तिथे सापडलेलं पान चक्क प्रवाहाविरुद्ध वर जातं, गोल फिरतं, पुन्हा वर जातं, आणि मग कधीतरी एका क्षणी सुटून मधल्या धारेला लागतं. पुढची दहा मिनिटं तुम्ही दुसऱ्या पानाची वाट बघत बसता. घड्याळ बघायचं राहून जातं.

आता याच काठाला सरळ, गुळगुळीत काँक्रीटची भिंत घातली की काय होतं? पाणी वेगाने आणि एकसारखं जातं. उलटा फिरणारा प्रवाह नाही, संथ कोपरा नाही. मासे त्या संथ कोपऱ्यात दम खातात, त्यांची पिल्लं तिथे वाढतात, ती जागा जाते. बघणाऱ्यालाही बघायला काही उरत नाही. ज्या खडबडीतपणामुळे माशांना आसरा मिळतो त्याच खडबडीतपणामुळे आपलीही नजर तिथे ठरते, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आवाजाचंही तसंच. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ साली वाहत्या पाण्याच्या आवाजाचा उलगडा केला. आपल्याला वाटतं पाणी दगडावर आपटतं म्हणून खळखळतं. खरं तर आवाज करतात ते मुख्यतः पाण्यात कोंडले गेलेले हवेचे बुडबुडे. बुडबुडा तयार होताना क्षणभर आकसतो-फुगतो, थरथरतो, आणि ती थरथर आपल्या कानापर्यंत येते. तीन मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे हजार वेळा थरथरतो. मोठा बुडबुडा खर्जात बोलतो, बारीक बुडबुडा उंच सुरात. एका उथळ धारेत असे असंख्य बुडबुडे एकाच वेळी बोलत असतात, म्हणून तो आवाज सलग असूनही कंटाळवाणा होत नाही. रात्री ऐकून पाहा. मी डोळे मिटून त्यातले वेगवेगळे सूर वेगळे काढायचा प्रयत्न करते आणि बहुतेक वेळा मध्येच विचार थांबतात.

बुडबुडे हवेत तर दगड हवेत. पाणी कुठेतरी उथळ व्हावं, कुठेतरी अडावं, पडावं. पात्राची ‘सफाई’ म्हणून तळातले गोटे आणि खडक उचलून नेले, की नदी मुकी होते. पुष्कळ ठिकाणी मग काठावर खांब रोवून त्यांच्यावर कर्णे लावतात आणि त्यांतून मंद संगीत सोडतात. कृपा करून ते करू नका. ज्या कानांना नदी ऐकायची आहे त्यांना ते संगीत म्हणजे दुसऱ्याच कुणाचं बोलणं असतं.

माझी रोजची जागा एका वळणाच्या आतल्या बाजूला आहे. तिथे वाळूचा एक उतरता पट्टा आहे, पावसाळ्यानंतर थोडा सरकलेला असतो, पण असतो. हा पट्टा कुणी बांधलेला नाही, तरी तो योगायोगही नाही. १९२६ साली अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी नद्यांच्या वळणांवर एक लेख लिहिला आणि त्यात चहाचा पेला उदाहरणाला घेतला. तळाशी चहाची पत्ती असलेला पेला चमच्याने ढवळला, तर पत्ती कडेला फेकली जायला हवी. पण ती मध्यभागी गोळा होते. कारण तळालगतचं पाणी घासल्यामुळे हळू फिरतं, वरचं जोरात फिरतं. वरचं पाणी बाहेर रेटलं जातं, कडेने खाली उतरतं आणि तळावरून मध्याकडे परत येतं, येताना पत्ती घेऊन. नदीच्या वळणावर हेच घडतं. वरचं पाणी बाहेरच्या काठावर आदळून तो कापत जातं, तळातलं पाणी वाळू उचलून आतल्या बाजूला आणून ठेवतं. बाहेरच्या अंगाला डोह आणि कडा, आतल्या अंगाला वाळूचा सपाट उतार.

मला ही गोष्ट कळली त्या दिवशी मी त्या वाळूवर जरा वेगळ्या जाणिवेने बसले. नदी स्वतः बसायची जागा तयार करते. वळणाच्या आत, उथळ पाण्याशेजारी, जिथून समोरचा कडा आणि त्यावरची झाडं दिसतात. कोणत्याही रचनाकाराने निवडली असती अशीच जागा. आणि ती दरवर्षी दुरुस्तही करते, जुनी वाळू नेते, नवी आणून टाकते.

वळण काढून टाकलं की हा कारखाना बंद पडतो. ऱ्हाइन नदी सरळ करण्याचं काम योहान गॉटफ्रीड टुला या अभियंत्याच्या योजनेनुसार १८१७ साली सुरू झालं. बाझेल ते व्होर्म्स या टप्प्यात नदी ८१ किलोमीटरने आखूड झाली. टुलाचा हेतू चांगला होता, पूर आणि दलदल यांनी गांजलेली गावं त्याला वाचवायची होती. पण आखूड झालेली नदी वेगवान झाली, तळ खरवडत खोल गेली, आणि पुराचं पाणी खालच्या गावांवर लवकर जाऊन धडकू लागलं. अमेरिकेत फ्लोरिडातली किसिमी नदी १९६२ ते १९७१ या काळात अशीच सरळ केली. १६६ किलोमीटरची वळणावळणांची नदी ९० किलोमीटरच्या कालव्यात कोंबली. पाणथळ जागा सुकल्या, पक्षी गेले. मग १९९९ पासून त्याच कालव्याचा एक भाग बुजवून जुनी वळणं परत जोडायचं काम सुरू झालं आणि ते संपायला २०२१ उजाडलं. सरळ करायला नऊ वर्षं लागली, त्यातली काही वळणं परत द्यायला बावीस.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण पुराचं काय? काठावर बसणाऱ्यांच्या संध्याकाळीसाठी शहरं बुडू द्यायची का?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी माझ्या भावनेवर सोडणार नाही. १९९५ साली नेदरलँड्समध्ये नद्या इतक्या चढल्या की सुमारे अडीच लाख माणसांना घरं सोडावी लागली. बांध उंच करत नेण्यात शतकं घालवलेला तो देश. त्याने यानंतर धोरण बदललं आणि ‘नदीला जागा’ या नावाने तीसहून अधिक ठिकाणी उलटं काम केलं. बांध मागे सरकवले, पूरमैदानं खाली केली, जोडपात्रं खणली. नाइमेखन शहराजवळ वाल नदी एका वळणावर चिंचोळी झाली होती, तिथे बांध ३५० मीटर मागे नेला आणि नदीला दुसरं पात्र दिलं. दोन पात्रांच्या मध्ये एक बेट तयार झालं. आज त्या बेटाच्या कडेला माणसं वाळूवर बसलेली असतात, पोहतात, होड्या वल्हवतात. पूर आला की तीच जागा पाण्याखाली जाते, आणि ती जायलाच ठेवलेली आहे.

म्युनिकमध्ये इझार नदीचंही असंच. विसाव्या शतकात ती शहरातून जाताना दोन्ही बाजूंनी कडक काठात बंदिस्त झाली होती. २००० ते २०११ या काळात तिचा ८ किलोमीटरचा टप्पा मोकळा केला. काठाचं काँक्रीट काढलं, पात्र रुंद केलं, काठ उतरते केले, गोट्यांची बेटं तयार व्हायला वाव दिला. पूर सामावण्याची ताकद वाढवणं हा या कामाचा पहिला उद्देश होता. उन्हाळ्यात शहरातली माणसं तिथे गोट्यांवर तासन्‌तास पडून राहतात ते याच कामामुळे. व्हिएन्नाने १९७२ ते १९८८ या काळात डॅन्यूबच्या पुरासाठी एक समांतर पात्र खणलं; निघालेल्या मातीतून २१ किलोमीटर लांबीचं बेट उभं राहिलं, आणि ते आता त्या शहराचं अंगण आहे. व्हिएन्नाचं बेट आखीव आहे, इझारसारखं रानटी नाही, मला स्वतःला इझारचा काठ जास्त जवळचा वाटतो. पण दोन्हीकडे अभियंत्यांनी पुराचं काम करतानाच माणसाला पाण्यापाशी आणून सोडलं. पुरापासून रक्षण आणि नदीकाठची निवांत संध्याकाळ यांत भांडण आहे, हे मला मान्य नाही.

कधीकधी तर काम न करणंच पुरेसं असतं. माद्रिदमधून जाणारी मान्झानारेस काही मोठी नदी नाही, पण तिची गोष्ट मोठ्या नद्यांच्या कारभाऱ्यांनी वाचावी अशी आहे. शहरातून जाताना ती लहान लहान बंधाऱ्यांनी अडवून तिचा स्थिर, भरलेला तलाव केला होता, दिसायला नीटनेटका. २०१६ साली शहराने बंधाऱ्यांची दारं उघडी ठेवली. पाणी उतरलं, वाळूची बेटं वर आली, त्यांवर गवत आणि झुडपं धरली, बगळे परत आले. नदी भरलेली दिसत नाही म्हणून सुरुवातीला काहींना वाईट वाटलं असेल. पण भरलेला हौद बघायला कुणी दुसऱ्यांदा येत नाही.

दक्षिण कोरियातल्या सोल शहराचा चोंग्येचोन ओढा मात्र मला पेचात टाकतो. त्याच्या डोक्यावर उन्नत महामार्ग होता. तो पाडून २००५ साली ५.८ किलोमीटरचा प्रवाह उघडा केला. त्यातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडलेलं आहे, म्हणून त्याला नदी म्हणावं की लांबलचक कारंजं, यावर वाद होतो. मी नदीवेडी असल्यामुळे पंपाचा आवाज मनात ऐकू येतोच. तरीही पाण्याच्या पातळीपर्यंत खाली उतरणारी वाट आणि पाय सोडून बसायला दगड, एवढं मिळाल्यावर लाखो माणसं तिथे येतात, यातून लोकांची तहान किती आहे ते कळतं. पंपाचं पाणी नाइलाजाचं असेल तर असू दे. जिथे खरी नदी वाहते आहे तिथे मात्र तिला पंपाच्या ओढ्यासारखं चौकटीत बसवू नका.

आणि हे सगळं बोलायच्या आधीची गोष्ट सांडपाण्याची. वास येणाऱ्या पाण्याजवळ कुणी बसत नाही आणि बसूही नये. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये टेम्सचा दर्प इतका वाढला की संसदेचं काम करणं मुश्कील झालं, तेव्हा कुठे मोठ्या गटारांचं काम मार्गी लागलं. तरी पुढे १९५७ साली ती नदी जीवशास्त्राच्या दृष्टीने मेलेली आहे असं म्हणायची वेळ आली. आज त्याच टेम्समध्ये सील दिसतात. पॅरिसमध्ये सेन नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. पावसाचं आणि गटाराचं पाणी नदीत जाण्याआधी साठवायची सोय केली, तेव्हा २०२५ च्या जुलैमध्ये सामान्य लोकांना ठरलेल्या जागी पुन्हा पाण्यात उतरता आलं. शंभर वर्षं गेली, पण झालं. याच पॅरिसने उजव्या काठालगतचा जलदगती रस्ता २०१६ मध्ये वाहनांना बंद करून चालणाऱ्यांना दिला. म्हणून विनंती अशी, की काठावरचे दिवे, कमानी, फरशी यांच्या आधी नदीत येणारा प्रत्येक नाला बघा. नाला तसाच ठेवून वर बाग केली तर त्या बागेत येणारा माणूस नाकाला रुमाल लावून परत जाईल.

दिव्यांचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबते, कारण यात सगळ्यांत जास्त नुकसान सगळ्यांत चांगल्या हेतूने होतं.

नदीतून एक इवला कीटक जन्मतो, इंग्रजीत त्याला ‘मेफ्लाय’ म्हणतात. त्याची अळी महिनोन्‌महिने, काही जातींत तीन वर्षं, तळात राहते, आणि मग एका संध्याकाळी हजारोंच्या संख्येने ते पंख पसरून वर येतात. प्रौढ म्हणून त्यांना काही तास, फार तर एखाद-दोन दिवस मिळतात. जोडीदार शोधायचा, मादीने पाण्यावर अंडी घालायची आणि संपायचं. पाणी कुठे आहे हे त्यांना पाण्यावरून परतलेल्या उजेडाच्या विशिष्ट आडव्या कंपनांवरून कळतं. डांबरी रस्त्यावरून परतणारा उजेडही तसाच असतो. पुलावर झगझगीत दिवे असले की माद्या दिव्यांकडे येतात, खाली डांबर पाण्यासारखं भासतं आणि त्या तिथेच अंडी घालतात. हंगेरीत डॅन्यूबवर हे घडताना अभ्यासकांनी पाहिलं, आणि एका पुलाखाली पाण्यालगत दिवे लावून त्या थव्यांना नदीवरच रोखून धरायचा उपाय केला. मला तो उपाय वाचून एकाच वेळी कौतुकही वाटलं आणि कसंसंही झालं. आपण आधी अंधार नेला, मग त्यांना वाट दाखवायला आणखी दिवे लावले.

काठावर दिवे हवेत, हे मला कळतं. एकट्या बाईने संध्याकाळी नदीवर जायचं म्हणजे काय, ते मी जगते. दिवे वाटेवर लावा, कमी उंचीचे, खाली तोंड करून, पिवळसर, पाण्याकडे न वळलेले. वाट दिसली की मला पुरतं. पाण्याला उजेड नको, मलाही पाण्यावर तो नको. रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या माळा पुलाखालून सोडल्या की पात्रात पडलेलं चंद्राचं लांबट, तुटक प्रतिबिंब दिसेनासं होतं. वाऱ्याने उठलेल्या प्रत्येक लाटेचा योग्य तिरका भाग चंद्राचा एकेक तुकडा आपल्याकडे पाठवतो म्हणून तो उजेडाचा रस्ता नेहमी थेट बघणाऱ्याच्या पायापर्यंत येतो, माझ्या शेजारी दहा पावलांवर बसलेल्याला त्याचा वेगळा रस्ता दिसतो. इतकं मोफत मिळत असताना विजेच्या माळांची गरज का पडावी?

धोक्याबद्दलही बोलायला हवं. नदी शांत दिसते म्हणून ती मऊ असते असं नाही. बुटक्या बंधाऱ्याखाली पाणी जागच्या जागी गोल फिरतं आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर सोडत नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला दोन पावलांत डोह लागतो. पण यावर उपाय म्हणून जी उभी भिंत बांधली जाते तिच्यामुळे पडलेल्या माणसाला वर यायला जागाच उरत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्नची आरे नदी जोरदार आहे; तिथे पोहणाऱ्यांना बाहेर पडता यावं म्हणून काठाला लाल रंगाचे कठडे पाण्यात उतरवलेले आहेत, लांबून दिसणारे. बाझेलला माणसं संध्याकाळी कपडे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत भरून ऱ्हाइनमध्ये उतरतात आणि ती पिशवी धरून प्रवाहाबरोबर खाली जातात. हे सगळीकडे शक्य नाही. मी कुणाला पाण्यात उतरायला सांगतही नाही. उतरता काठ, धरायला कठडा, आणि ‘प्रवेश निषिद्ध’ या दोन शब्दांऐवजी इथे नेमका कोणता धोका आहे ते सांगणारी पाटी, इतकं झालं तरी पुष्कळ जीव वाचतील.

आणि उतरता काठ कुणासाठी? माझ्या आईसाठी. तिच्या गुडघ्यांना आता पायऱ्या झेपत नाहीत. आम्ही राहतो तिथून थोडं वर, काठाच्या एका टप्प्यावर, काही वर्षांपूर्वी उंच भिंत, फरसबंदी आणि जाळीचा कठडा झाला. खाली जायला एकच अरुंद, खड्या पायऱ्यांची वाट, तिलाही बहुधा कुलूप. आईला तिथे एकदा नेलं होतं. ती कठड्याशी उभी राहिली, जाळीतून खाली बघितलं आणि म्हणाली, “छान आहे, चल.” जेमतेम चार मिनिटं. त्याच आईला वळणाच्या वाळूवर नेलं तेव्हा दोन बाजूंनी धरून, पाय घसरत न्यावं लागलं, पण मग ती दीड तास उठायला तयार नव्हती. पाण्यात बोटं बुडवून बसली होती. तिच्या लहानपणीच्या नदीबद्दल बोलत होती, जे तिने मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. चाकाची खुर्ची जाईल असा एक मातीचा, घट्ट, मंद उतार तिथे असता तर ती रोज आली असती.

मी तेव्हापासून बघत असते. भिंतीच्या टप्प्यावर माणसं येतात, फोटो काढतात, जातात. वळणावर येतात ती बसतात. अनोळखी माणसं एकमेकांपासून थोड्या अंतरावर, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे, फारसं कुणी बोलत नाही. घरात ज्यांना स्वतःची खोली नाही, ज्यांना दिवसभर कुणाचं तरी ऐकून घ्यावं लागतं, अशांना हा एक तास कुठे मिळणार? इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली निघालेल्या एका अभ्यासात दिसलं की आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. त्यावरून निसर्गानेच तब्येत सुधारली असं सिद्ध होत नाही, हे अभ्यासकही मान्य करतात. मला त्या आकड्याची गरजही फारशी वाटत नाही. त्या वाळूवरून उठताना माणसांच्या खांद्यांचा ताण गेलेला मी पाहिला आहे. फक्त तुमच्या बैठकीत कुणी ‘हे चोचले आहेत’ म्हणालं तर तो आकडा जवळ असावा, म्हणून दिला.

या जागेला तिकीट लावू नका, हेही इथेच सांगते. दार आलं की वेळ येते, वेळ आली की पहाट आणि रात्र जाते. नदी सगळ्यांत सुंदर असते ती नेमकी त्या दोन वेळांना. थंडीत पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्याची वाफ गार हवेत विरघळण्याआधी धुकं होऊन पात्रावर तरंगते, आणि सूर्य वर आला की अर्ध्या तासात नाहीशी होते. ती बघायला दहा वाजता उघडणाऱ्या फाटकातून जाऊन काय उपयोग?

न्यूझीलंडच्या संसदेने २०१७ साली वांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती मानलं. तिच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमली जातात, एक सरकारकडून आणि एक नदीकाठच्या माओरी समाजांकडून. ‘मी नदी आहे, नदी म्हणजे मी’ असं मानणाऱ्या त्या लोकांनी यासाठी शंभराहून अधिक वर्षं लढा दिला. इतका मोठा कायदा व्हायला वेळ लागतो आणि प्रत्येक ठिकाणी तो होईलच असं नाही. पण आराखड्याच्या बैठकीत ‘नदीला हे चालेल का’ असं विचारणारं एक माणूस बसवायला कायदा लागत नाही. माझा अनुभव असा, की बैठकीत सगळ्यांचे प्रतिनिधी असतात, जिच्यासाठी बैठक भरली त्या नदीचा सोडून.

तेव्हा माझी शेवटची मागणी. तुमच्या पुढच्या आराखड्याची एक बैठक काठावर घ्या. कागद आणू नका, वाऱ्याने उडतील. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी या आणि अंधार पडेपर्यंत थांबा. मी त्या वळणाच्या आतल्या बाजूला, वाळूवर असते. वाटेत झुडपं आहेत, पण पायवाट मळलेली आहे, सापडेल. पहिली पंधरा मिनिटं कुणी काही बोलू नये एवढी एक अट. एखादं पान उलट्या प्रवाहात अडकलेलं दिसलं तर ते सुटेपर्यंत बघा, मग आपण बोलायला सुरुवात करू.

आपली,
नदीकाठची एक रहिवासी